पान उलटून पाहावे: वसंतातील परसबाग आणि किडींचा बंदोबस्त

थंडी ओसरून दिवस उबदार होऊ लागले की परसबागेतल्या प्रत्येक रोपाला कोवळे, रसाळ शेंडे फुटतात, आणि मावा, फुलकिडे, पांढरी माशी यांना हवे असतात ते हेच शेंडे. उष्णता वाढत जाते तशी किडींची पिढीही कमी दिवसांत पुरी होऊ लागते. या बाबतीत मावा सर्वांच्या पुढे असतो, कारण त्याची मादी या काळात नराच्या संयोगाशिवाय थेट जिवंत पिल्लांना जन्म देते आणि उबदार हवेत ते पिल्लू साधारण आठवडा-दहा दिवसांत स्वतः पिल्ले देऊ लागते. शेंड्यावर आज पाच-सहा मावे दिसले आणि ‘पुढच्या आठवड्यात पाहू’ म्हणून सोडून दिले, तर पुढच्या आठवड्यात शेंड्याचा हिरवा रंग दिसेनासा झालेला असतो. म्हणून परसबाग राखणाऱ्याचे या ऋतूतील सर्वांत मोठे काम रोज पाहण्याचे आहे, आणि पाहायचे ते पानाच्या खालच्या बाजूला. या लेखात जमीन, पाणी, ओळख आणि उपाय या सगळ्यांविषयी लिहिले असले तरी त्यातील प्रत्येक सूचना या एका सवयीवर उभी आहे.

जमीन आणि पाणी

वाफे तयार करण्याची घाई करू नये. ओल्या जमिनीत कुदळ घातली की ढेकळे बांधली जातात आणि ती मोडायला पुढचे सगळे दिवस जातात. मूठभर माती घेऊन दाबावी. गोळा बनला आणि बोटाने टिचकी मारताच तो फुटला, तर जमीन वाफशावर आली असे समजावे. त्यानंतर दोन-तीन सेंटीमीटर जाडीचा चांगल्या कुजलेल्या शेणखताचा किंवा कंपोस्टचा थर पसरून तो वरच्या मातीत मिसळावा. खत कुजलेलेच हवे, हा आग्रह मी पुन्हा पुन्हा धरतो, कारण कच्च्या शेणखतातून हुमणीच्या अळ्या आणि तणांचे बी वाफ्यात येते. नत्रयुक्त खताचा हात मात्र आखडता ठेवावा. युरियासारख्या खताने झाडे आठ दिवसांत गर्द हिरवी होतात, डोळ्यांना बरे वाटते, पण अशा लुसलुशीत वाढीवर मावा आणि तुडतुडे अधिक वेगाने वाढतात.

मागील हंगामात ज्या वाफ्यात टोमॅटो, वांगी, मिरची किंवा बटाटा होता, तेथे यंदा त्याच कुळातले पीक लावू नये. ही चारही पिके एकमेकांची भावंडे असल्याने त्यांचे जमिनीतील रोग आणि सूत्रकृमी (मुळांवर जगणारे दोऱ्यासारखे सूक्ष्म जीव) सामाईक असतात. त्या जागी शेंगवर्गीय किंवा पालेभाजी घ्यावी. लहानशा परसात फेरपालट करायला जागा पुरत नाही, ही अडचण खरी आहे. अशा वेळी निदान एक वाफा तरी आलटूनपालटून रिकामा किंवा झेंडूखाली ठेवावा. झेंडूविषयी येथेच एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. कडेला चार झेंडू लावले की बाग कीडमुक्त होते, ही समजूत खरी नाही. दाट लावलेला झेंडू पूर्ण हंगाम वाढू दिला तर मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींची संख्या घटते, एवढे त्याचे काम खात्रीचे आहे, आणि ते कमी महत्त्वाचे नाही.

पाण्याचे गणित सोपे आहे. वाढीला लागलेल्या भाजीपाल्याला आठवड्याला सुमारे २५ मिलिमीटर पाणी, म्हणजे एका चौरस मीटरला २५ लिटर, पुरते. हवा तापेल आणि वारे सुटतील तसे ते वाढवावे लागते. हे पाणी रोज थोडे थोडे शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून दोन-तीनदा मुळांपर्यंत पोहोचेल असे द्यावे. रोजच्या शिंपडण्याने मुळे वरच्या चार बोटांतच घुटमळतात आणि पहिल्या कडक उन्हात झाड माना टाकते. पाणी सकाळी आणि बुंध्याशी द्यावे. वाफ्यावर वाळलेल्या पालापाचोळ्याचे पाच सेंटीमीटर आच्छादन घालावे, मात्र खोडाला ते टेकू देऊ नये. तेथे दमट अंधार साचला की खोड कुजते आणि गोगलगाईंना आयता निवारा मिळतो.

पहिले पंधरा दिवस

घरात किंवा सावलीत वाढवलेली रोपे थेट उन्हात लावू नयेत. सात ते दहा दिवस त्यांना रोज थोडा अधिक वेळ बाहेर ठेवून उन्हावाऱ्याची सवय लावावी. ज्या प्रदेशांत वसंतातही रात्री हिमतुषार पडतात, तेथे काकडी, भोपळा, टोमॅटो यांची लागवड तो धोका पूर्ण टळल्यावरच करावी. चार दिवस आधी लावलेले रोप थंडीने अडते, आणि उशिरा लावलेले रोप त्याला सहज गाठते.

या पंधरवड्यातील नुकसान बहुधा रात्री होते आणि सकाळी दिसते. रोप जमिनीलगत विळ्याने कापल्यासारखे आडवे पडले असेल, तर रोपे कुरतडणाऱ्या अळीचे ते काम आहे. अशा रोपाभोवतीची माती तीन-चार सेंटीमीटर खोलीपर्यंत हलकेच उकरावी. राखाडी, चिकट दिसणारी, हात लावताच वेटोळे करणारी अळी बहुतेक वेळा तेथेच सापडते. उरलेल्या रोपांच्या बुंध्याभोवती जाड पुठ्ठ्याची नळी अशी बसवावी की तिचा दोन-तीन सेंटीमीटर भाग मातीत आणि पाच सेंटीमीटर वर राहील. पानांना वेडीवाकडी भोके आणि जवळ चकाकणारी वाळलेली रेघ असेल, तर ती गोगलगाय होय. रात्री विजेरी घेऊन तिला वेचावे, किंवा संध्याकाळी वाफ्यात ओले फळकूट उलटे टाकून ठेवावे आणि सकाळी त्याच्याखाली जमलेल्या गोगलगाई गोळा कराव्यात. कोवळे रोप मात्र न कापता बुंध्याशी पातळ, पाणचट होऊन कोलमडले असेल, तर तेथे कोणतीही कीड शोधू नये. ती बुरशी आहे आणि तिचे कारण जास्त पाणी आणि दाट पेरणी हे आहे. विरळणी करून वाफा सुकू द्यावा.

ओळखल्याशिवाय हात लावू नये

परसबागेत औषधाचा चुकीचा वापर होतो तो बहुतेक वेळा ओळख चुकल्यामुळे. मिरचीचे उदाहरण घ्यावे. मिरचीची पाने आक्रसली की सर्व जण त्याला ‘बोकड्या’ किंवा ‘चुरडा-मुरडा’ म्हणतात आणि हाताला लागेल ते फवारतात. प्रत्यक्षात पान कोणत्या दिशेने वळले आहे हे पाहिले तर अर्धे निदान तेथेच होते. पानाच्या कडा वर वळून ते होडीसारखे दिसत असेल, तर फुलकिडे रस शोषत आहेत. कडा खाली वळून पान उलट्या होडीसारखे झाले असेल आणि देठ लांबलेला असेल, तर डोळ्यांना न दिसणारा पिवळा कोळी तेथे आहे. फुलकिड्यांची खात्री करायची असेल तर शेंड्याखाली पांढरा कागद धरून शेंडा दोन-तीनदा झटकावा. कागदावर पिवळसर, तपकिरी, एखाद्या बारीक रेघेसारखे जीव चालताना दिसतात. कोळी हा मुळात कीटकच नाही, त्याला आठ पाय असतात आणि तो गोचिडाच्या कुळातला आहे. त्यामुळे कीटकांसाठी बनवलेली अनेक औषधे त्याच्यावर चालत नाहीत. ती त्याला खाणारे भक्षक कोळी आणि भुंगेरे मात्र मारतात, आणि फवारणीनंतर कोळी आधीपेक्षा वाढतो.

वांगी, काकडी आणि घेवड्यावर येणारा लाल कोळी उष्ण, कोरड्या, धुळीच्या हवेत वाढतो. पानाच्या वरच्या बाजूला सुईने टोचल्यासारखे बारीक पांढुरके ठिपके दिसू लागतात आणि पान उलटले की शिरांच्या कोनात पुसटशी जाळी आढळते. जाळी दाट होण्यापूर्वी लक्षात आले तर साध्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पानांची खालची बाजू एक दिवसाआड धुणे, हा उपाय आठवडाभरात फरक दाखवतो.

पांढरी माशी झाड हलवताच पीठ उडाल्यासारखी उडते. तिच्या रसशोषणापेक्षा तिने आणलेला विषाणू अधिक घातक असतो. टोमॅटोची पाने लहान, पिवळसर, वाटीसारखी वर वळलेली आणि झाड खुजे झाले असेल, तर तो पर्णगुच्छ रोग आहे आणि त्यावर कोणताही इलाज नाही. असे झाड लगेच काढावे. दोन झाडांच्या मोहापायी संपूर्ण ओळ जाते. विषाणूपासून बचाव रोपवाटिकेतच करावा लागतो. रोपे पहिले तीन-चार आठवडे बारीक छिद्रांच्या कीटकरोधक जाळीखाली वाढवली तर सर्वांत नाजूक काळ टळतो.

वेलवर्गीय भाज्यांच्या पहिल्या दोन पानांवर नारिंगी-लाल भुंगेरे तुटून पडतात. सकाळी गारव्यात ते सुस्त असतात आणि त्याच वेळी साबणाच्या पाण्याच्या भांड्यात झटकून टाकता येतात. ऊन चढल्यावर हात जवळ नेताच उडून जातात. ते वेलाच्या बुंध्याजवळच्या मातीत अंडी घालत असल्याने तेथील माती अधूनमधून खुरपून उन्हाला उघडी करावी. पानांवर नागमोडी पांढऱ्या रेघा काढणाऱ्या नागअळीविषयी मात्र फार काळजी करू नये. रेघेच्या टोकाशी अळी दिसते, ती दोन बोटांत चिमटावी, खालची फार खराब झालेली पाने खुडावीत आणि पुढे जावे.

काही खुणा किडीच्या वाटतात पण तशा नसतात. टोमॅटोच्या फळाच्या बुडाशी काळा, चामड्यासारखा, आत दबलेला डाग पडतो तो फळापर्यंत कॅल्शियम न पोहोचल्यामुळे, आणि बहुतेक परसबागांत त्याचे मूळ कारण अनियमित पाणी हेच असते. दुपारी भोपळ्याची पाने माना टाकतात आणि संध्याकाळी पुन्हा ताठ होतात, हेही आजाराचे लक्षण नाही. संध्याकाळी पाणी असूनही ती उठली नाहीत, तर मात्र बुंधा आणि मुळे तपासावीत.

जे मारू नये ते

अनेक वर्षांपूर्वी चवळीच्या शेंड्यांवर माव्यासोबत मला काळसर, काटेरी, नारिंगी ठिपक्यांच्या, सुसरीच्या आकाराच्या अळ्या दिसल्या. माव्याहून मोठ्या आणि चपळ म्हणून त्याच मुख्य शत्रू समजून मी त्या वेचून मारल्या. आठ दिवसांत मावा शेंगांपर्यंत उतरला. त्या अळ्या लेडीबर्ड भुंगेऱ्याच्या होत्या, आणि त्यांतील एकेक अळी कोषात जाईपर्यंत शेकडो मावे खाते. ती चूक मला आजही डाचते, म्हणून मित्रकीटकांची बाल्यावस्था ओळखायला शिकणे हे मी औषधांच्या माहितीपेक्षा अधिक मोलाचे मानतो. प्रौढ लेडीबर्ड सर्वांना ठाऊक असतो. त्याची अळी क्वचितच कोणाला ठाऊक असते. पानावर केसासारख्या बारीक देठाच्या टोकाला उभी असलेली पांढरी अंडी दिसली, तर ती क्रायसोपा या मावा खाणाऱ्या मित्रकीटकाची आहेत. माव्याच्या घोळक्यात हिरवट, अर्धपारदर्शक, बिनपायांची, सावकाश सरकणारी अळी दिसली, तर ती सिरफिड माशीची अळी आहे. फुगलेला, फिकट तपकिरी, हलत नसलेला मावा दिसला, तर त्याच्या पोटात सूक्ष्म गांधीलमाशीची अळी वाढते आहे, आणि पाठीवर गोल भोक असेल तर ती पूर्ण वाढून बाहेर पडली आहे. अशा खुणा असलेल्या शेंड्यावर काहीही फवारू नये.

शत्रू आधी येतो आणि त्याचा भक्षक काही दिवस मागून येतो, कारण भक्षकाला खायला आधी कीड असावी लागते. मधले ते आठ-दहा दिवस माणसाचा धीर पाहणारे असतात. १९५९ साली कॅलिफोर्नियातील चार कीटकशास्त्रज्ञांनी एकात्मिक कीड नियंत्रणाचा जो विचार मांडला, त्याचा आधारच असा होता की किडीचे अस्तित्व आणि किडीने होणारे नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि उपाय नुकसानीच्या पातळीवरून ठरवावा. परसबागेत ही पातळी आकड्यात मोजायची गरज नसते. नवे पान निरोगी येत आहे का, एवढे पाहावे. जुन्या पानांवर चार ठिपके असून शेंडा स्वच्छ असेल, तर झाड स्वतःला सांभाळत आहे.

मित्रकीटकांच्या प्रौढांना मध आणि पराग लागतो. त्यासाठी कोथिंबीर, शेपू, बडीशेप यांची काही झाडे न काढता फुलू द्यावीत. त्यांची लहान, उघडी फुले सूक्ष्म गांधीलमाश्यांच्या तोंडाला सोपी जातात. मुंग्या खोडावरून सतत वर-खाली करत असतील तर त्यांचा बंदोबस्त करावा. माव्याने टाकलेल्या गोड चिकट्यासाठी त्या माव्याची राखण करतात आणि भक्षकांना हाकलून लावतात. खोडाला वा आधाराच्या काठीला कागद गुंडाळून त्यावर चिकट पट्टा लावला तरी त्यांची वाट बंद होते.

फवारणीची वेळ आलीच तर

पाण्याचा फवारा, हाताने वेचणे, खराब शेंडा खुडणे हे सगळे करूनही कीड नव्या पालवीवर चढत असेल, तरच फवारणीकडे वळावे. मावा, पांढरी माशी आणि पिठ्या ढेकूण यांच्यासाठी साबणाचे पाणी पुरेसे असते: एक लिटर पाण्यात पाच ते दहा मिलिलिटर साधा द्रवरूप साबण. कपडे धुण्याची पावडर वापरू नये. साबण किडीच्या अंगाला ओला लागला तरच काम करतो, वाळल्यावर त्याचा परिणाम शून्य असतो, म्हणून फवारा पानाच्या खालून वर मारावा. आधी दोन-तीन पानांवर मारून एक-दोन दिवस थांबावे आणि कडक उन्हात तर मुळीच फवारू नये. भर दुपारी केलेल्या अशा फवारणीने काकडीच्या पानांच्या कडा करपलेल्या मी पाहिल्या आहेत.

निंबोळी अर्कासाठी ५० ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्यांची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी कापडातून पिळून गाळावी आणि त्यात थोडा साबण मिसळावा. हा पाच टक्के अर्क होतो. तो कीड जागेवर मारत नाही. तिचे खाणे मंदावते आणि तिला पुढची कात नीट टाकता येत नाही. परिणाम दिसायला चार-पाच दिवस लागतात, हे माहीत नसल्याने पुष्कळ लोक दुसऱ्याच दिवशी निराश होऊन दुसरे औषध आणतात. उन्हाने त्यातील गुणकारी घटक लवकर विघटित होत असल्याने तो संध्याकाळी फवारावा आणि सात ते दहा दिवसांनी पुन्हा द्यावा. कोबी, फुलकोबीची पाने खाणाऱ्या किंवा टोमॅटो पोखरणाऱ्या अळ्यांसाठी बॅसिलस थुरिन्जिएन्सिस या जिवाणूचे औषध चांगले, परंतु ते अळीने खावे लागते आणि लहान अळीवरच नीट चालते. अळी फळाच्या आत शिरली की त्याचा उपयोग राहत नाही.

तंबाखूचा काढा मी कोणालाही सुचवत नाही. त्यातील निकोटीन माणसालाही त्वचेतून बाधते, मित्रकीटकांना सरसकट मारते, आणि वनस्पतिजन्य आहे म्हणून ते सौम्य ठरत नाही. रासायनिक कीटकनाशकांविषयी माझी हरकत आणखी व्यावहारिक आहे. प्रत्येक औषधाच्या वेष्टनावर फवारणी आणि काढणी यांच्यामध्ये किती दिवस जाऊ द्यायचे हे लिहिलेले असते. काकडी, भेंडी, मिरची यांची तोडणी एक-दोन दिवसांआड करावी लागते, मग तो काळ पाळायचा कसा? पाळायचा तर लागलेली सगळी भाजी तोडून टाकून द्यावी लागेल.

भोपळा, काकडीच्या पानांवर पिठासारखी पांढरी भुरी दिसू लागताच एक भाग दूध आणि नऊ भाग पाणी असे मिश्रण सकाळच्या उन्हात आठवड्यातून एकदा-दोनदा फवारावे. ब्राझीलमधील वाग्नर बेत्तिओल यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत झुकिनीवरील भुरी अशा दुधाच्या फवारणीने आटोक्यात राहिली होती. भुरी सर्व पानभर पसरल्यावर मात्र ते पान काढणेच बरे.

कोणतीही फवारणी फुलांवर मधमाश्या असताना करू नये. पिवळे चिकट सापळे पांढरी माशी आणि मावा कधी आले हे कळण्यासाठी उपयोगी आहेत. त्यांवर चिकटलेले जीव मोजावेत, पण त्यांनीच कीड संपेल अशी अपेक्षा ठेवू नये, आणि त्यांत मित्रकीटकही अडकू लागले तर ते काढून ठेवावेत.

फळे लागल्यावर

वेलांना फळे धरू लागली की फळमाशी येते. ती कोवळ्या फळाच्या सालीत अंडी घालते, टोचलेल्या जागी डिंकासारखा थेंब दिसतो आणि फळ एका बाजूने वाकडे होऊन पिवळे पडते. फळ बोटाएवढे झाले की त्यावर कागदाची किंवा पातळ कापडाची पिशवी बांधावी. गळालेली आणि वाकडी फळे वाफ्यात राहू देऊ नयेत, कारण अळी फळातून बाहेर पडून खालच्या मातीत कोषात जाते. अशी फळे घट्ट बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून आठवडाभर कडक उन्हात ठेवावीत; कंपोस्टच्या ढिगात ती तशीच टाकली तर तेथूनच नव्या माश्या निघतात.

जाळीखाली ठेवलेल्या काकडी-भोपळ्याच्या वेलांना मादी फुले येताच जाळी काढावी. मादी फूल ओळखणे सोपे आहे, पाकळ्यांच्या मागे इवलेसे फळ असते. मधमाश्या दिसत नसतील, तर सकाळी लवकर नुकते उमललेले नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या मागे दुमडाव्यात आणि त्यातला पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावा. टोमॅटोला याची गरज नसते, आधाराची काठी सकाळी दोन-तीनदा हलवली तरी पुरते. तापमान ३५ अंशांच्या वर जाऊ लागले की टोमॅटोची फुले गळू लागतात. ती कोणत्याही किडीमुळे गळत नाहीत आणि त्यासाठी फवारणी करू नये, दुपारची पातळ सावली करावी.

हंगाम संपत आलेली झाडे उपटण्याआधी मात्र एक दक्षता घ्यावी. म्हातारे वांगे किंवा टोमॅटोचे झाड पांढऱ्या माशीने भरलेले असेल आणि ते झटक्याने उपटले, तर सगळ्या माश्या उडून शेजारच्या कोवळ्या रोपांवर बसतात. म्हणून आदल्या संध्याकाळी त्यावर साबणाचे पाणी भरपूर मारावे, दुसऱ्या दिवशी पहाटे, माशी गारठलेली असताना, झाडावर मोठी पिशवी वरून चढवावी, तिचे तोंड बुंध्याशी आवळावे, आणि मगच झाड मुळासकट काढावे.